मंगळवारच्या गटात ‘तू’ला बंदी

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आजपासून सूड. तारीख लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

अम्मानजवळच्या सल्त गावच्या वरच्या आळीत आमचं कलाकेंद्र. मनाने दुखावलेली माणसं इथे येऊन चित्रं काढतात, मुखवटे करतात, गातात, आणि जरा हलकी होऊन घरी जातात. दोन महिने मंगळवारचा गट मी चालवला. मी! बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला मिदहत, ज्याला अख्खं गाव अबू हातिम, म्हणजे हातिमचा बाप, म्हणून ओळखतं. आणि आज त्या लुजैनने, केंद्राची प्रमुख, वय एकोणतीस, सगळ्यांदेखत सांगितलं की काका, आता गट मी घेते, तुम्ही वर्तुळात बसा.

कारण काय, तर मी चित्रांना मार्क देतो. मग काय द्यायचं? उम्म जिर्यसबाईंचा नवरा वारला, वर्ष झालं. त्यांनी निळं झाड काढलं. मी लाल पेनाने लिहिलं, झाडं निळी नसतात, दहापैकी चार. तर रडायला लागल्या. अहो, चार म्हणजे पास!

तसा मी स्वतःच गट सोडणार होतो.

नाजिहा घरी असती तर तिला सांगितलं असतं. बायको अकाब्याला आहे, मुलाकडे. गुडघ्यासाठी. समुद्राची हवा. आठवा महिना चालू आहे. गुडघा भलताच चिवट निघाला.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळी सहा
प्लॅन तयार. रंगांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात राहिली आहे. राहिली म्हणजे ठेवली. रंग नाहीत तर गट नाही. लुजैन माझ्या दारात येईल. मी लगेच उघडणार नाही. तीनदा बेल वाजवू दे. पोरीची जिरवली नाही तर नाव बदलीन.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
कपाट बंद म्हटल्यावर उम्म जिर्यस घरी गेल्या आणि कॉफीचा गाळ, सुमाकची आंबट लाल पूड, हळद घेऊन आल्या. त्यानेच सगळ्यांनी रंगवलं. काय ते खिदळणं! लुजैन म्हणाली, काका किल्ली विसरले ते किती छान झालं, असा मंगळवार अजून झाला नव्हता. मग माझ्यासाठी टाळ्या. टाळ्या! हा अपमान मी मरेपर्यंत विसरणार नाही.

वर नवा नियम. वर्तुळात प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू करायचं. ‘तू’ला बंदी. ‘तू’ आला की दोष देणं सुरू होतं म्हणे. मी विचारलं, तू हे खूळ कुठून आणलंस? सगळे हसले. नियमात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
आता लेखी. केंद्राचा खर्च अम्मानची एक संस्था करते. तिथल्या नुहाबाईंना लुजैनची तक्रार लिहिली. पाठपोट एक पान. ‘अकार्यक्षम’ हा शब्द पाच वेळा. वाचून मलाच पोरीची कीव आली. मग आवरली. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. शांत डोकं ठेवून योग्य वेळी सोडणार.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आजचा पोरखेळ: न पाठवायचं पत्र. मनात ज्याच्याबद्दल काही साचलं असेल त्याला लिहायचं, घडी करून टोपलीत टाकायचं. नियम तोच, ‘मी’ चालेल, ‘तू’ नाही. मग उम्म जिर्यस ती पत्रं न वाचता फाडणार, खळीत भिजवणार आणि त्या लगद्याचे मुखवटे होणार.

बाकीच्यांना नमुना हवा म्हणून मीही लिहिलं. सहज. नाजिहाला, गुडघ्याची चौकशी. जरा लांबलं. त्या हॉलमध्ये धूळ फार आहे, डोळ्यांत गेली. केर नीट काढत नाहीत. तक्रारीत घालायला हवं होतं.

दोन्ही पत्रं शाळेच्या जुन्या कागदावर, घडी सारखी, खिसा एकच. एक टोपलीत टाकलं. दुसरं पाकिटात घालून अम्मानच्या मिनीबसवाल्याकडे दिलं. त्याला म्हटलं, जपून ने बाबा, यात एका बाईची नोकरी आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर
नुहाबाईंचा फोन! पत्र वाचून रडू आलं म्हणाल्या. म्हटलं, येणारच, प्रकारच तसा आहे. मंगळवारी मुखवट्यांच्या प्रदर्शनाला येतेय, नाव न घेता वाचून दाखवू का म्हणाल्या. मी म्हटलं, नाव घेऊन वाचा. माइकवर वाचा. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा सांगितलं, एक अक्षर गाळू नका.

हातिमला कळवलं, मंगळवारी पाचला व्हिडिओ कॉल लाव, आईलाही बसव, बापाचा विजय बघा. कोट इस्त्रीला टाकला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर, संध्याकाळी सात
पहिल्या रांगेत बसलो होतो. हातात फोन, फोनमध्ये नाजिहा. भिंतीवर मुखवटे. मधल्या मुखवट्याच्या नाकावर ओळखीचं अक्षर दिसलं. ‘अकार्य’. गालावर ‘क्षम’.

उठायला गेलो. पण नुहाबाई माइकपाशी पोचल्या होत्या.

मी दोन कप चहा ओततो, असं सुरू झालं. मी दुसरा कप गार होताना बघतो. वांगी करपली म्हणून मी पाहुण्यांसमोर घरच्या मकलूबा भाताला दहापैकी चार दिले. त्याआधीही एकेचाळीस वर्षं मी मार्कच देत आलो. मी लोकांना गुडघ्याचं सांगतो. गुडघा ठणठणीत आहे. मला घर खायला उठतं. खाली सही, अबू हातिम.

उम्म जिर्यसबाईंनी स्वतः विणलेला रुमाल माझ्या हातात कोंबला. कडा वाकड्या होत्या. बोललो नाही. मग नुहाबाईंनी जाहीर केलं की असं काम बघितल्यावर लुजैनचा गट आणखी दोन वर्षं चालणार. टाळ्या मलाही वाजवाव्या लागल्या. फोन बघितला तर नाजिहाने कॉल बंद केलेला.

बुधवार, २६ नोव्हेंबर, सकाळी आठ
नाजिहाचा फोन आला! आपण होऊन, आठ महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, तुमचं अख्खं पान ऐकलं आणि त्यात एकदाही ‘तू’ नव्हतं. शुक्रवारची बस बघतेय म्हणाली.

मला इतका आनंद झाला! म्हटलं, तू हे आधीच करायला हवं होतंस.

मग म्हणाली, गुडघा पुन्हा दुखायला लागलाय. कधी बरा होईल विचारलं, तर म्हणाली, कालच्या त्या लुजैनला विचारा.

मंगळवार, २ डिसेंबर
किल्ली परत केली. वर्तुळात बसलो, उम्म जिर्यसबाईंच्या शेजारी. माझी पाळी आली तेव्हा ‘मी’ने सुरू केलं आणि शेवटपर्यंत ‘मी’च म्हटलं. घाम फुटला. निघताना लुजैनला हळूच विचारलं, दहापैकी किती?

हसली नुसती. इथे मार्क देत नाहीत काका, म्हणाली. नाजिहाला कळवायचे होते.