भावोजींची लोकरी विजार

प्रिय पेगीताई,

तुला आणि भावोजींना धाकट्या मर्डिनाचा नमस्कार. तुझा गुडघा आणि भावोजींचा घसा दोन्ही देवकृपेने बरे असोत. घसा जरा जास्तच बरा असो, कारण पुढच्या महिन्यात त्यांना अखनामाराच्या चर्चमध्ये प्रवचन द्यायचं आहे आणि ते गावाला पसंत पडलं तरच तिथलं पाद्रीपण मिळणार आहे. (गुडघ्याला पट्टा विकत आणू नकोस, जुन्या लोकरी मोज्याचा पाय कापला की झालं.)

नातं न सांगता तिथली माणसं कशी आहेत ते बघून ये, असं तू म्हणालीस, म्हणून आम्ही दोघं आठवडाभर तिथे समुद्राकाठचं घर घेऊन राहिलो. बाई गं, काय सांगू आणि किती सांगू! समुद्र थेट दाराशी, खडकांवर सील जेवण झालेल्या पाहुण्यांसारखे लवंडलेले. शनिवारी आमचे हे फुकटच्या कालवांच्या मोहाने खडकांवर गेले आणि शेवाळावरून घसरून कमरेइतक्या पाण्यात बसले. पँट भिजली आणि आत घातलेली, तू यांच्यासाठी दिलेली भावोजींची जुनी लोकरी विजारही. (यांच्याजवळ दुसरी पँट नव्हती. एका आठवड्याला दोन कशाला, असं मीच म्हटलं होतं.) मी सगळं धुऊन दोरीवर टाकलं आणि पुढे रविवारचा स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकण्याच्या गडबडीत काढायला साफ विसरले.

रविवारी सकाळी पडदा सारला तर विजार वाऱ्याने फुगून दोन्ही पाय झाडते आहे! देवाच्या दिवशी दोरीवर कपडे! आई असती तर तिने मला पुन्हा बाप्तिस्मा दिला असता. बरं, काढावी तर तेही कामच, आणि रविवारी काम करणं म्हणजे पाप. त्यातून भावोजींच्या कपड्या-कपड्यावर लाल दोऱ्याने नाव घालायची तुझी हौस. कमरेवर हे एवढं ठसठशीत: 'पाद्री ए. मॅकस्वीन'. आणि चर्चला जाणारा एकुलता एक रस्ता आमच्या कुंपणाला लागून. तुझं नवं घर, भावोजींची नेमणूक, सगळं त्या दोरीवर लटकलेलं!

एकूण एक माणूस कुंपणाशी थांबला, नाव वाचलं आणि पुढे गेला. मी खिडकीत हात जोडून उभी. हे पँटीवाचून घोंगडीत, मग चर्चला कसले जातात! घरातच आम्ही स्तोत्रं गायलो, अगदी घसा फाडून. दुपारी पाऊस आला, तरी मी विजारीला हात लावला नाही.

सोमवारी शेजारची सीना अंडी घेऊन आली.

"काय गं, ती विजार येणाऱ्या पाद्रीबुवांची ना? तू त्यांची कोण?"

"मेव्हणी," म्हटलं. लपवून काय उपयोग?

"अगं, मग तोंड का पाडलंस? आमच्या चर्चचे पंच मॅकअस्किल काय म्हणाले माहीत आहे? 'आधीचा पाद्री रविवारी भर वाटेत छत्री उघडायचा, म्हणजे तेही कामच! आणि हे घराणं बघा, कपडा पावसात कुजला तरी चालेल पण काढत नाहीत. ज्याची विजारसुद्धा रविवार पाळते तो माणूस सोडायचा नाही!' आणि तुमची ती स्तोत्रं, थेट वळणापर्यंत ऐकू येत होती!"

ताई, अंडी हातातून सुटायचीच राहिली होती! पाद्रीच्या घराचं कोठीघर मी बाहेरून बघून आले. मोठं आहे. बांधाबांध सुरू कर.

तुझी,
मर्डिना

ता. क. विजार आटली आहे. टाकत नाही, एकेक पाय बाहीसारखा वापरता येईल.

आणखी एक ता. क. हे भावोजींना वाचून दाखवू नकोस. लोक यायच्या आत मी रात्रीच्या झग्यातच विजार ओढायला धावले होते. पण दोरीखाली मॅकअस्किलांचा मेंढा शिंगं रोखून उभा! मी उलट्या पावली आत. हात जोडले होते ते त्याने जावं म्हणून, आणि स्तोत्रं गायलो ती त्याला पळवायला. त्याला ती आवडली, संध्याकाळपर्यंत हलला नाही. मॅकअस्किलांनी त्याला पाहिलं असणार, पण रविवारी मेंढा हाकणं हेही कामच ना! तेव्हा एवढंच कर: भावोजींना बायबलातल्या हरवलेल्या मेंढरावर प्रवचन देऊ देऊ नकोस. मी पहिल्याच बाकावर असेन आणि मला हसू आवरायचं नाही.