दीड फुटाचं चक्र

सातारा, रविवार, ता. २७ एप्रिल १९९७

चि. प्रबुद्ध यास,
मायाआत्याचा जयभीम आणि आशीर्वाद. आशीर्वाद आज हात आखडून.

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी विहाराच्या पायरीवर, कमिटीच्या अकरा जणांसमोर तुझं पार्सल उघडलं आणि माझी अब्रू गेली. धम्मचक्र वाटोळं असतं, हे मी आता पत्राने कळवावं का? तुझं लांबट आहे. भाऊसो सुतारांनी मान तिरकी करून विचारलं, की बाई, हे चालत्या गाडीतून बघायचं हाय का? मी फूटपट्टी लावली. आडवं नेमकं अठरा इंच. उभं अठराला पाव इंचाहून जास्तच कमी.

भाऊसो हाताने कोरून देत होते. मीच भर सभेत उठून सांगितलं, की माझ्या भाच्याने घरी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन केलंय, त्याची रेघ केसभर हलत नाही. बावीस मेच्या बुद्धपौर्णिमेला चक्र दारावर चढायचं आहे. गवंड्याने कमानीत दीड फुटाची गोल खोबण सोडली आहे. तोवर नीट आलं नाही, तर पत्र्याचा गोल रंगवून लावणार. त्याच्याखालून रोज मला जायचं आहे, तुला नाही.

पुढचा आशीर्वाद कामाच्या मापाने.
तुझी, माया आत्या

सांगली, १ मे

ती. आत्यास, सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र तुमच्या सूनबाईने, पायलने, मोठ्याने वाचलं, दोनदा. दुसऱ्यांदा मला ऐकवायला नव्हे, तिला आवडलं म्हणून.

आत्या, दोन महिने आम्ही खाली बसून जेवतोय, कारण जेवणाचं टेबल म्हणजेच आता मशीन आहे. जुन्या प्रिंटरच्या दोन मोटरी, आट्यांचे दोन लोखंडी गज. मोटर गज फिरवते, गज लाकूड सरकवतो, एक आडवं, एक उभं. कॉम्प्युटर सांगेल तेवढंच. दोन्ही बाजू दहा-दहा मिलिमीटर सरकवून पट्टीने तपासल्या होत्या, बरोबर होत्या. मला वाटतं, सागवान साताऱ्याच्या हवेने फुगलं असावं.

राग उतरला की माया पूर्वीइतकीच करावी.
आपला, प्रबुद्ध

सातारा, ४ मे

चि. प्रबुद्ध, जयभीम.

ऐन उन्हाळ्यात सागवान फुगलं, तेही एकाच बाजूने! चौतीस वर्षं सिव्हिलमध्ये काढली, शेवटची नऊ मेट्रन म्हणून. चोरून भजी खाणाऱ्या पेशंटनेही असली सबब सांगितली नाही.

दहा मिलिमीटर म्हणजे नखाएवढं. दोन पावलं टाकली म्हणून मी कुणाला बरा समजून घरी धाडलं नाही, वॉर्डच्या टोकापर्यंत चालवायची. तुझं मशीन टोकापर्यंत चालव. पाच वेळा. आकडे पाठव, कारणं नकोत.

माया आत्या

सांगली, ९ मे

ती. आत्यास, सविनय जयभीम वि. वि.

चालवलं. कारखान्यातून मोठं व्हर्नियर आणून मोजलं. उभ्या गजाला तीनशे मिलिमीटर सांगितले, तीनशेच गेला. आडव्याला तीनशे सांगितले, तो ३०४.८ गेला. पाचही वेळा तेवढाच! पायल म्हणाली, की चुकतोय तरी किती इमानाने. दहा मिलिमीटरला ही चूक दिसण्याइतकी होत नाही, म्हणून फसलो. तुमचं खरं होतं.

उभा गज बाजारातला, एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर सरकणारा; आडवा तुम्ही दिलेल्या आबांच्या हत्यारांच्या पेटीतला. आटे डोळ्याला सारखेच दिसतात, पण जुना गज झिजला असणार. रविवारी, अठराला, तो भंगारात देतो आणि नवा बसवतो.

पायलचाही नमस्कार. लोभात आमचा वाटा ठेवावा.
आपला, प्रबुद्ध

सातारा, सोमवार, ता. १२ मे

चि. प्रबुद्ध, जयभीम.

३०४.८ वाचलं आणि चहा अंगावर सांडला. अरे, तो एक फूट आहे! कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी हातावर पट्टी मारून शिकवलेला. इंचाला २५.४, बारांनी गुण.

माझे वडील, तुझे आबा, मिरजेला रेल्वेत फिटर होते. त्यांचं सगळं इंचांत. तो गज त्यांनी स्वतः लेथवर आटे पाडून केला, इंचाला वीस, म्हणजे फेऱ्याला १.२७ मिलिमीटर. तू त्यालाही बाजारातल्यासारखा सव्वा मिलिमीटरचा समजून फिरवलास. झिजला म्हणे! माणूस जाऊन वीस वर्षं झाली, तरी त्याचा फूट अजून फूटभरच आहे.

आता मुख्य गोष्ट. मी दीड फूट कळवलं होतं. तू कॉम्प्युटरला सोयीने पंचेचाळीस सेंटीमीटर सांगितलेस, खरं ना? काल भाऊसोंनी तुझं चक्र खोबणीत धरलं. आडवं चपखल बसलं, वर-खाली फट. म्हणजे मी मागितलं ते एकट्या आबांच्या गजाने दिलं. गज आबांचा हे ऐकून भाऊसोंनी चक्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, की आबा लय तयारीचा माणूस असणार. पत्र्याचा गोल त्यांनी स्वतःच माघारी धाडला.

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर आबांनी चक्रासाठी सागवान आणून ठेवलं होतं. राहून गेलं. तेव्हा गजाला हात लावू नकोस. आडव्या गजाला इंचाला वीस आटे आहेत, हे कॉम्प्युटरला सांग, आणि दोन्हीकडे अठरा इंच काप.

गज जागेवर आहे, असं तुझ्या अक्षरात, सहीनिशी, शनिवार ता. १७ मेच्या संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे. नाहीतर रविवारी पहिल्या एस.टी.ने येते आणि पायलच्या बाजूने बसून टेबलावरच जेवायला मागते.

आशीर्वाद यावेळी पुरे अठरा इंच.
तुझी, माया आत्या