जोत्याखालचा वारा

आई, या पावसाळ्यात मी एका घराखाली पोटावर सरपटत गेलो. हातात पेटलेली उदबत्ती घेऊन, तू जायचीस तसाच. कोपरं सोलवटली, केसांत कोळ्याची जाळी, दातांत माती, आणि तरी बाहेर आलो तेव्हा छाती अशी फुगलेली की विचारू नकोस. तू जाऊन दहा वर्षं झाली. मी तेव्हा नववीत होतो, त्यामुळे आताचा मी तुला ठाऊकच नाही. तर सुरुवात वाईट बातमीनेच करतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं, मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो तो पडलोच. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता एमआयडीसीत पाइप फिटिंगच्या कंत्राटदाराकडे जातो. पण कॉलेज सुटलं तरी कॉलेजातली एक मुलगी काही सुटली नाही. हे सगळं घडलं ते तिच्यामुळे.

बिरवाडीची आपली भाड्याची खोली. एकच खिडकी, तीही समोरच्या चाळीच्या भिंतीकडे. पावसाळ्यात शेजारच्या सगळ्यांच्या कपड्यांना कुबट वास यायचा, आपल्या नाही. कपाट तू भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायचीस, पिठाचा डबा विटांवर, गाद्या दिवसभर उभ्या. भाताला उकळी आली की बाहेर कितीही झोडपत असो, तू दार सताड उघडायचीस. मी कुरकुरतोय, आई, थंडी वाजते. तू पळीनेच दाराकडे हात करतेस. "थंडीनं कोण मरत नाय. ही वाफ भिंतीत बसली तर दिवाळीपर्यंत निघायची नाय." सकाळी डबा भरून तू कामाला निघायचीस. महाडचे एक म्हातारे मुसलमान गवंडी, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे, त्यांच्या हाताखाली तू बिगारी होतीस. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर जुनी घरं आहेत, त्यांची डागडुजी ते करायचे. उतारावर जमीन सपाट मिळत नाही, म्हणून पुढून चिऱ्यांचं उंच जोतं बांधायचं, त्यावर फळ्या टाकून घराची भुई करायची. फळ्यांखाली दीड हाताची पोकळी राहते. जोत्याला पुढे-मागे ठेवलेल्या भोकांतून त्या पोकळीत वारा खेळला तर घर कोरडं, कोंडला तर फळ्या कुजणार आणि माणसं खोकणार. उस्ताद अंगाने भरलेले, त्यांना आत शिरता यायचं नाही. तू काटकुळी. साडी खोचून, उदबत्ती पेटवून तू जोत्याच्या भोकातून आत जायचीस आणि धूर कुठे सरकतो ते बघायचीस.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून तू मला बरोबर नेलंस. घरमालकीण ओट्यावर बसून हसतेय. "काय गो, घराखाली कुठला देव बसवलास? उदबत्ती घेऊन चाललीस ती!" तू वाकता वाकता म्हणालीस, "वारा बसलाय वहिनी. तुमच्यावर रुसलाय, उठवून आणते." उस्ताद एवढे हसले की त्यांची टोपी घमेल्यात पडली. परतीच्या एसटीत मी तुला विचारलं, आत काय बघतेस? तू म्हणालीस, "वारा येतो कुठनं ते सगळेच बघतात. मी जातो कुठनं ते बघते." आणि मग आठवड्याभरात शाळेत मी एकाच्या नाकावर ठोसा मारला, तुला बोलावणं आलं, तेव्हा हेडसरांच्या खोलीबाहेर तू माझा कान धरून म्हणालीस, "तुझ्या टाळक्याला पण दोन भोकं पाडायला पायजेत. एक राग आत यायला, एक बाहेर जायला. तुझं दुसरं बुजलंय." सर आत हसले, ते मला ऐकू आलं. मला तुझा भयंकर राग आला होता.

तर त्या मुलीचं घर तसलंच, फळ्यांचं. पोलादपूरच्या वर, दोन वळणं चढून. आषाढात तिचा फोन आला. तिच्या आईला दम लागतो, दोन पावसाळे झाले, यंदा पंप घेऊनही भागेना. महाडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, घरातली ओल काढा, नाहीतर बाईंना दुसरीकडे हलवा. तिच्या वडिलांनी ठरवलं, गणपती झाले की घराला कुलूप लावून सगळ्यांनी कळंबोलीला भावाकडे जायचं. "म्हणजे तूपण?" मी विचारलं. "नाही, मी इथे साप-फुरशांबरोबर राहते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आई, मला राग आला की कानशिलं तापतात, तुला माहीत आहे. त्या दिवशी कानशिलं दिवसभर तापलेली होती आणि मारायला समोर कुणी नव्हतं.

मोरीचा पाइप गळतो तो बघायला म्हणून तिने मला घरी बोलावलं. पायरी चढतानाच वास आला. फळ्यांवर रंगीत मेणकापड अंथरलेलं, त्याच्या कडेला काळी बुरशी. ओट्यावरून खाली उतरून जोतं बघितलं तर गुळगुळीत सिमेंट, एक भोक नाही. आपल्याकडे आगोटीला, पाऊस सुरू व्हायच्या आधी, पावसाच्या तोंडची भोकं पोत्याने बुजवतात आणि दसऱ्याला पोती काढतात, हे तूच सांगितलेलं. तिच्या वडिलांनी, मी त्यांना काका म्हणतो, एका आगोटीला घरात फुरसं निघालं म्हणून पोत्याऐवजी सिमेंट मारलं. सिमेंट दसऱ्याला निघत नाही. मी म्हटलं, काका, भोकं परत पाडायला हवीत. काकांचा स्वतःचा ट्रक आहे, कशेडीच्या घाटात आयुष्य गेलंय, आवाज हॉर्नसारखा. "मला शिकवतोस? हे कॉलेजात शिकलास का? का ते शिकवायच्या आधीच पळालास?" ती दारात उभी. मी पान्हा आपटला आणि निघून आलो. दुसरं भोक बुजलेलंच होतं, आई.

दोन दिवसांनी काका भाडं घेऊन चिपळूणकडे गेले, तेव्हा मी पहार घेऊन परत गेलो. तिच्या आई ओट्यावर बसून धापा टाकत होत्या. म्हणाल्या, "पाड रे बाबा. नायतरी घर सोडायचंच हाय." एका सकाळीत समोरच्या जोत्याला तीन भोकं पाडली. हातांना फोड आले, ते मी तिला मुद्दाम दिसतील असे धरले. चार दिवसांनी फोन आला. "अभिनंदन," ती म्हणाली. "आधी वास फक्त आत होता, आता ओट्यावर पण येतो. बाबा आलेत, तुला शोधतायत." मी फोन ठेवला आणि तेव्हा कुठे मला तू आठवलीस. नुसती येण्याची वाट पाडून बसलो होतो. जायची कुठे होती?

दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारली आणि दुकानातून उदबत्तीचा पुडा घेऊन गेलो. काका ओट्यावर बाह्या सरसावून बसलेले. ते काही बोलायच्या आत मी भोकाशी उकिडवा बसलो आणि उदबत्ती पेटवली. धूर आत गेलाच नाही, उलटा माझ्याच तोंडावर आला. "घराचं श्राद्ध घालतोस का?" काका. मी मान खाली घातली आणि आत शिरलो. आई, आतला अंधार मी तुझ्या बोलण्यातून नुसता ऐकलेला, पाहिला पहिल्यांदा. माती लगद्यासारखी. मोरीचा पाइप खरंच फुटलेला, त्याचं पाणी तिथेच साठलेलं. वर फळ्यांना पांढरी बुरशी, कापसासारखी. सरपटत मागच्या भिंतीशी गेलो, हाताने चाचपली. चिऱ्यांत जुनी भोकं होती, तीन, हारीने, पण मातीने गच्च. बाहेर डोंगराच्या बाजूला काकांनी भराव टाकून बुलेट लावायला जागा केली होती. घराच्या पाठीवर सगळा ओला डोंगर टेकवून ठेवला होता.

बाहेर येऊन मी ते सांगितलं, न ओरडता. काका माझ्याकडे बघत राहिले. अंगभर चिखल, हातात विझलेली काडी. मग उठले, बुलेट ढकलत अंगणात नेली आणि दोन फावडी घेऊन आले. "बघतोस काय? धर." पावसात दोघांनी दोन दिवस भराव उपसला, वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं पाणी घरापासून वळवलं. पाइप मी बदलला. पोकळीतला सगळा लगदा, कुजकी लाकडं बाहेर काढली आणि मातीवर जाड काळं प्लास्टिक पसरलं, म्हणजे जमिनीची वाफ फळ्यांपर्यंत चढायला नको. सहाही भोकांना बारीक जाळी मारली, फुरशाचं पिल्लूही शिरणार नाही अशी. मेणकापड काकांनी स्वतः फाडून काढलं. मग मी समोरच्या भोकाशी उदबत्ती धरली आणि तिला घरामागे उभं केलं. धूर जरा घुटमळला, वाकला आणि एखाद्याने ओढून घ्यावा तसा आत गेला. मागून ती किंचाळली, "आला! अरे आला धूर!" तिच्या आई ओट्यावरून विचारतायत, "मोगऱ्याचा आणलास का रे? छान हाय."

लगेच काही झालं नाही. पाऊस होता तोवर हवाच ओली, फळ्या सुकायला वेळ लागला. पण वास पंधरा दिवसांत हटला. गणपतीत तिच्या आई आरतीला शेवटपर्यंत उभ्या राहिल्या, टाळ वाजवत. कळंबोलीच्या भावाला काकांनी माझ्यासमोर फोन केला, "नाय येत. घर बरं झालं." ती स्वयंपाकघरात होती, तिने भांडं पाडलं. मुद्दाम. त्यानंतर त्याच वाडीतल्या आणखी चार घरांची भोकं मी उघडली. लोक मला हाक मारतात, अरे उदबत्तीवाल्या! मला आवडतं. डोंगरात तुझ्यानंतर त्या पोकळ्यांत कुणी शिरलं नव्हतं, आता मी शिरतो, आणि दरवेळी आत गेल्यावर वाटतं की हे माझ्या आईचं काम आहे आणि ते मला येतं.

हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. पण एक सांगायचं राहिलंय. त्या आरतीच्या दिवशी जेवताना काकांनी सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं, "हे शिकलास कुठं रे?" ती वाढत होती. माझी आई बिगारी होती, तिच्याकडून, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं, खरंच होतं. मी म्हणालो, मोबाईलवर बघितलं. आता काका अख्ख्या वाडीला सांगत फिरतात, पोरगा मोबाईलवर बघून शिकला, आणि मी शेजारी उभा राहून मान हलवतो.