फोटोच्या मधात आलेला टग

वारासिवनी,
बुधवार दुपार (लाइट गेली आहे, म्हणून पत्राला सवड)

आदरणीय पुनाराम मामाजींना भाचा महेंद्रचा सविनय जय भीम. शेवंता मामींनाही जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे, कटंगीच्या बाजारापर्यंत पायी जाणे होते का, मामींची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे का, ते कळवावे. आमच्याकडे सर्व खुशाल. हाती मोबाइल असताना भाच्याने पत्र का लिहिले, असे तुम्ही म्हणाल. तर फोनवर माझे एक वाक्य पुरे व्हायच्या आत तुमची चार होऊन जातात (लहान तोंडी मोठा घास, माफी असावी). पत्राला मधेच टोकता येत नाही.

ज्या कामासाठी तुम्ही मला थेट समुद्रावर पाठवले, ते काम सरळ होते. राजेगावच्या दीप्तीच्या वडिलांना तुम्ही सांगून बसलात की आमचा मुलगा अश्विन बंदरात जहाजाचा कप्तान आहे. त्यांनी जहाजासोबत मुलाचा एक फोटो मागितला. फोटो आला की सोयरीक पक्की, नाही आला तर त्यांच्याकडे दुसरे स्थळ तयार. अश्विन काही केल्या फोटो पाठवेना, म्हणून घरचाच फोटोग्राफर पाठवायचे ठरले. उभी हयात लग्नाचे फोटो काढण्यात गेली, एक जहाज आपल्याला काय जड आहे, असे मलाही वाटले.

गोंदियाहून गाडीत बसलो, दुसऱ्या दिवशी बंदरावर पोचलो. सोबत कॅमेरा, फ्लॅश आणि लग्नात स्टेजवर लावतो ती पांढरी छत्री. फाटकावरच्या शिपायाने छत्री उघडून पाहिली आणि ऊन-पाऊस काही नसताना हिचे काय काम, असे हिंदीत विचारले. मी म्हटले, जहाजाच्या तोंडावर उजेड पाडायला. त्यानंतर मला बराच वेळ बाकावर बसवून ठेवले. अश्विनने माझ्या नावाचा पास काढून ठेवला होता म्हणून आत जाता आले. छत्री मात्र फाटकावरच राहिली.

अश्विन ड्यूटीवर होता. फोनवर एवढेच म्हणाला, "भाऊ, तू धक्क्यावर उभा राय. मोठं जहाज आत येऊन राह्यलं, मी त्याच्यासंगंच आहो."

जहाज आले. मामाजी, आपल्या वैनगंगेवरचा पूल सुटून चालत आला असे वाटले. पण फोटोच्या मधात दोन बुटक्या बोटी, अंगभर जुने टायर बांधलेल्या. एक दोर लावून जहाजाला ओढत होती, दुसरी त्याच्या पोटाला डोके लावून रेटत होती. टग म्हणतात त्यांना. आता माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडच्या लग्नात स्टेजपुढे नवरीचा काका, नवरदेवाची आत्या आणि मोबाइल वर धरलेले अर्धे गाव उभे असते, आणि त्यांना हटवल्याशिवाय जोडप्याचा फोटो निघत नाही. माझा निम्मा जन्म "मधातून हटा" म्हणण्यात गेला. सवयीने मी हातवारे करून ओरडलो, "ओ टगवाले, बाजूले व्हा ना जरा, जहाज झाकून राह्यलं." टगवरचा एक केशरी जॅकेटवाला हात हलवू लागला. मी अजून जोरात हटवले. तो अजून जोरात हलवू लागला. अशा आडमुठ्या माणसाशी कोण डोके लावणार, म्हणून मी धक्क्याच्या टोकापर्यंत पळालो आणि नेमका कोन साधून जहाजाचे फोटो काढले. एकाही फोटोत टगचा टायरसुद्धा येऊ दिला नाही (याला कसब लागते, मामाजी).

केशरी जॅकेटवाला अश्विन होता.

ड्यूटी संपल्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "काहून हटवून राह्यलता भाऊ? आमी हटलो असतो त ते जहाज तुह्याच अंगावर आलं असतं." तर कप्तान तो नाही. टगवर दोर बांधतो, दोर सोडतो, आणि पाळी आली की सगळ्यांचा भात शिजवतो. मोठ्या जहाजाचा कप्तान त्याने खालूनच पाहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी मलाही टगवर नेले. वैनगंगेत डोंग्यात बसलेल्याला समुद्राचे काय भय, असा माझा समज होता. त्या वेळचे फोटो पाहिले तर आभाळ, पुन्हा आभाळ, माझा जोडा, आणि एक न पाहण्यासारखा. अश्विनने एका हाताने माझा पट्टा धरला होता, दुसऱ्या हाताने दोर सांभाळत होता. टगने डोके लावले आणि तो एवढा थोरला डोलारा गुमान वळला. ओकून ओकून अर्धा झालो होतो, तरी आपल्या पोराचा मला फार अभिमान वाटला. तुम्ही तिथे पाहिजे होते.

एक फोटो बरा आला, तो सोबत जोडला आहे. अश्विन टगवर उभा राहून हसतो आहे. त्याच्यामागे जहाजच आहे, पण इतक्या जवळून की नुसती लाल भिंत दिसते. कोणी म्हणेल, पोरगा राइस मिलमागे उभा आहे. बाकी सर्व क्षेम. लहानथोरांना यथायोग्य सांगावे आणि रागावण्याआधी पुढचे वाचावे.

आपला आज्ञाधारक,
महेंद्र

ता. क. सोबतचा फोटो राजेगावला पाठवण्याची तसदी घेऊ नये. दीप्तीने तो पाहिला आहे, अश्विननेच तिला मोबाइलवर पाठवला. तिने अश्विनचा नंबर मिळवून त्याला स्वतःच फोन केला होता, आणि त्याने टग, दोर, भात सगळे सांगून टाकले. ती म्हणाली, "भात शिजवता येते ना तुमाले? मंग मले चालते."

दुसरा ता. क. तिची एकच अट आहे, आणि हे पत्र खरे त्यासाठीच आहे. ज्याने तिच्या बाबांना कप्तान सांगितला, त्यानेच त्यांच्या घरी येऊन खरे काय ते सांगावे. अश्विन नको, मीही नको. अश्विनला तुमच्यापुढे हे बोलायचा धीर होत नाही, म्हणून मला पुढे केले. मामाजी, पोराच्या कौतुकात माणूस दोन शब्द जास्त बोलून जातो, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण येत्या रविवारी राजेगावला जाऊन या.

तिसरा ता. क. दीप्तीने वडिलांना केव्हाच सगळे सांगितले आहे. त्यांचा होकार आहे. तुम्ही येता की नाही, एवढेच त्यांना पाहायचे आहे. हे तुम्हाला कळू द्यायचे नाही, असे मला बजावून ठेवले आहे. तेव्हा तिथे फार सफाईने बोलू नका, थोडे अडखळा.