हौदातलं हिरवं पाणी

ती. वहिनींना,
साष्टांग नमस्कार.

आज सकाळी हौदात तिळाएवढी पिल्लं दिसली. तुमच्या माशांची! मागं मासे जगलेत म्हणून सांगायला आलो, तर अंथरुणावरूनच म्हणालात, "भावजी, मला बरं वाटावं म्हून थापा मारताय." आता तरी पटेल का? म्हणून लिहितो.

हौद दादानं घरच्या पाण्यासाठी बांधला. मासे ही तुमची हौस. पेठहून, माहेरच्या ओढ्यातले बोटभर मासे बैलगाडीत मांडीवर घागर धरून आणलेत आणि दोन दिवसांत उलटे तरंगले. हौदाच्या नव्या चुन्यानं मारले. मग चुना उतरावा म्हणून दादानं हौद कितीदा तरी भरला नि उपसला.

दुसरे मारले ते आईनं. हे मी तिच्या तोंडावरही म्हणतो. दर सोमवारी काथ्यानं घासून हौद लख्ख, वर विहिरीचं ताजं पाणी! तुम्ही म्हणायचात, "आत्याबाई, शेवाळ धरू द्या. पान्याला जरा मुरू द्या." आई म्हणायची, "हिरवं पानी, आन् माज्या दारात? लोक शेन घालतील तोंडात." तुमच्या भांडणापायी दादा जेवायलासुद्धा मळ्यात जाऊ लागला. तरी तिसऱ्यांदा मासे आणलेत! हट्टी होता तुम्ही.

मग तुम्ही आजारी पडलात. आई सदा तुमच्या उशाशी, हौदाकडं बघतंय कोण? भिंतींना शेवाळ धरलं, पाणी हिरवं झालं, मासे जगले. याचा आनंद मानावा की नाही, मला अजून कळत नाही.

तुमच्या दहाव्याला आईनं घर सारवलं, माठ-घागरी पालथ्या केल्या आणि काथ्या घेऊन हौदावर गेली. मी मागोमाग गेलो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उपसा समदं. सुतकाचं पानी हाय."

आई वाकून बघत राहिली. विटाळावरून अख्ख्या बोरी गावाला धारेवर धरणारी आपली आई! म्हणाली, "न्हाई उपसत. सून म्हनत व्हती तसं मुरलंय आता." आणि काठावर बसून मोठ्यानं रडली. तोवर तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

वहिनी, एवढी कसली घाई होती? थोडं थांबला असतात, तर तुमचं दोघींचं जमलं असतं. मला त्याचंच वाईट वाटतं.

हौदात घालीन ते रात्रभर ठेवलेलं पाणीच घालीन. आणि आणखी एक. आई हल्ली संध्याकाळी काठावर बसून पुटपुटते. तुमच्याशीच बोलत असणार. तेव्हा मी घरात निघून जाईन, ऐकणार नाही, हे वचन.

तुमचा धाकटा दीर,
सखाराम