मोटेचा नाडा

चैत्र वद्य पंचमी, १९४३. दिवेलागण.

औंढ्याकडचा डोंगर आज तिसऱ्या दिवशीही जळतोय. वारा इकडं फिरला तर? सकाळपासून घराभोवतीचं गवत कापलं, कडब्याची गंजी लांब हलवली, गुरांची दावी एका हिसक्यात सुटतील अशी बांधली. आबांना दिसत नाही, म्हणून विहिरीच्या मोटेचा लांब नाडा त्यांच्या खाटेपासून नांगरलेल्या शेतापर्यंत ताणून बांधला. तिथं जळायला काहीच नाही. नाडा धरून ते एकदा जाऊनही आले. केवढा खूश झालो होतो मी माझ्या युक्तीवर!

आत्ता पाहतो तर नाडा सोडून, गुंडाळून त्यांनी उशाशी ठेवलेला.

"काहून सोडला, आबा?"

"तुझ्या मायला चालता येतं का? मी एकलाच जाऊ व्हय?"

माय पावसाळ्यापासून लुळी होऊन पलीकडच्या खाटेवर पडून आहे. तिला मी उचलीन की, मी लगेच म्हणालो. फारच लगेच. इथं तरी खरं लिहावं. दिवसभरात मी कालवडीचासुद्धा विचार केला, मायचा नाही.

आणि ती सगळं ऐकत होती. हळूच म्हणाली, "बांधू द्या हो त्याला नाडा. दिसभर राबलंय पोरगं."