हुबळीचं कार्ड

मुरूम, ता. उमरगा
८ सप्टेंबर १९६२

प्रिय गुंडप्पा,

तुझ्या गोष्टीचा शेवटचा भाग परवा उमरग्याच्या गाडीनं आला. वाचला, आणि असा संताप आला की बालवाडीची पोरं सोडायची वेळ झाली तरी मी जागची उठले नाही. बावीस आठवडे आम्हाला टांगून ठेवलंस आणि शेवटी काय, तर नायकाला म्हणे जुळा भाऊ होता, गोव्यात वाढलेला! अरे, मग एकविसाव्या भागापर्यंत हा भाऊ होता कुठं? त्याचं नाव नाही, गाव नाही. वाचणारा बिचारा डोकं शिणवतो, मागचे अंक काढून पुन्हा बघतो, आणि तू शेवटच्या पानावर कुणी तिसराच आणून उभा करतोस. ह्याला रहस्य म्हणत नाहीत, गुंडू. ही फसवणूक झाली.

दर भागाचा शेवट तसलाच. ‘दार उघडलं आणि समोर उभा होता...’ की संपलं! आठवडाभर आम्ही तळमळायचं, आणि पुढच्या अंकात समोर कोण, तर दूधवाला. त्या लाल रुमालावर तीन भाग घातलेस. तो कुणाचा होता हे सांगायचं तूच विसरलास. तुझा इन्स्पेक्टर एक अख्खा भाग नुसता चहा पीत बसला. शेजारची चन्नम्मा म्हणाली, “ह्या माणसाला ठाऊकच न्हाय पुढं काय व्हायचंय, म्हणून चहा उकळत बसलाय.” तिला काय माहीत, लिहिणारा माझाच भाऊ आहे.

तुझं पत्र आलं होतं तेव्हा मला किती आनंद झाला होता सांगू! ‘अक्का, टोपणनावानं माझी गोष्ट येतेय, कुणाला सांगू नकोस.’ आई गेल्यापासून तुला मीच वाढवलं, कंदिलाची काच पुसून तुझ्यापुढं ठेवली, म्हणून तो आनंद जरा माझाही होता. पहिला अंक मी अत्तीला वाचून दाखवला. तिला मराठी धड कळत नाही, म्हणून एक ओळ वाचायची आणि ती कानडीत सांगायची, असं करत सून वाचायची आणि सासू ऐकायची. चन्नम्मा शेंगा फोडत बसायची. बरं चाललं होतं.

दुसऱ्या भागात तो कोट आला. कापडदुकानदाराचा मुलगा मेव्हण्याला घेऊन सोलापूरला माल आणायला जातो, त्याच्या कोटाला आतून चोरखिसा, हिरव्या खणाचा. गुंडू, तो खिसा मी शिवला होता. खण माझ्या लग्नातला. तो तुझ्या दाजींच्या कोटाला होता, हे तू, मी आणि दाजी सोडून कुणाला ठाऊक होतं? मी पुढं वाचेना, तेव्हा अत्ती म्हणाली, “का थांबलीस?” मी म्हटलं, घसा बसला.

सात वर्षं झाली. जानेवारी पंचावन्न. तू एकोणीस वर्षांचा होतास. दोघं सकाळच्या मोटारीनं सोलापूरला गेलात आणि संध्याकाळी तू एकटाच उतरलास. ‘दाजी म्हणाले, तू हो पुढं, मी मागाहून येतो.’ एवढं एकच वाक्य तू मला दिलंस, पोलिसांना दिलंस, अत्तीला दिलंस. सोलापूर तेव्हा मुंबई राज्यात आणि आपण हैदराबादेत. तपास दोन्हीकडं अर्धाच राहिला. दोन वर्षांनी तू पुण्याला निघून गेलास. मी तुला कधी खोदून विचारलं नाही. पोर घाबरलंय, म्हणायची.

आणि आता तू ते छापून विकतोस. विकायचं तर वीक, पण मग नीट तरी सांग! अकराव्या भागात मेव्हण्याला हुबळीहून कार्ड येतं: ‘मी सुखरूप आहे, घरी सांगू नकोस.’ मी ते कानडीत सांगितलं मात्र, अत्ती उठली आणि तिनं चपला घातल्या. मी नाना परीनं समजावलं, ही गोष्ट आहे, खोटी असते. ती म्हणाली, “कोट माझ्या विरुपाक्षाचा आहे. खिसा मी पाहिलाय.” म्हणजे ती सगळं ओळखून होती आणि माझ्यासाठी गप्प होती. चन्नम्माच्या नवऱ्याला घेऊन ती हुबळीला गेली. पासष्ट वर्षांची बाई चार दिवस कापडबाजारात दुकानादुकानातून मुलाचा फोटो दाखवत फिरली. परत आली तेव्हा पाय सुजून चपलेत मावत नव्हते. मी गरम पाण्यात मीठ घालून तिचे पाय शेकत होते आणि ती मलाच विचारत होती, पुढचा अंक आला का?

तेव्हा मी तुला दोनदा लिहिलं. एवढंच विचारलं की कार्ड खरं की खोटं. तुझं उत्तर माझ्याजवळ आहे. ‘अक्का, वाचकाची उत्सुकता ताणायची असते. पुढच्या अंकात कळेल.’ मी वाचक होय रे तुझी? आणि पुढच्या अंकात त्या कार्डाचा उल्लेखसुद्धा नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. शाळेतले कल्याणप्पा मास्तर विधुर आहेत, त्यांनी मला मागणी घातली आहे. विषय अत्तीनंच काढला; म्हणाली, मी आहे तोवर तुझं होऊ दे. वकिलांनी सांगितलं, सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसेल तर कोर्ट मोकळं करतं. उस्मानाबादच्या कोर्टात माझा अर्ज दाखल झालाय. चोवीस तारखेला, सोमवारी सुनावणी आहे, आणि साक्षीदार म्हणून मी तुझं नाव दिलंय. समन्स येईलच, बहिणीनं आधी कळवलं नाही असं नको. कार्ड आलं असेल तर तसं सांग. माझा अर्ज बुडाला तरी चालेल. सोलापुरात तुमचं काय बोलणं झालं, ते गेले की कुणी नेलं, की तुझ्या डोळ्यांदेखत काही झालं, सगळं एका दमात सांग. जे असेल ते ऐकायला आम्ही दोघी घट्ट आहोत. अत्ती पुढच्याच बाकावर बसणार आहे. जज्जसाहेबांकडं बघू नकोस. तिच्याकडं बघून सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
शरणम्मा अक्का